काट्यावरचे सर

पहाटे 5.40

जानेवारीची थंडी. माय चुलीपाशी बसली आहे. तव्यावर ज्वारीची भाकर, बाजूला बेसन रटरटतंय. पोरगा खाटेवर पुस्तक घेऊन बसलाय, पाच वाजल्यापासून. सामान्य ज्ञानाचं पुस्तक, जुनं घेतलेलं. आधीच्या मालकानं पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्यात, म्हणून त्याला ते नव्यापेक्षा बरं वाटतं.

वय 28. यवतमाळला राहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, पदवी अमरावती विद्यापीठाची. मग बी.एड. नाव सांगत नाही. खरं तर हा दिवस एकट्याचा नाहीच. राळेगाव तालुक्यात असे बरेच आहेत. त्यांचे दिवस एकात बांधून मी हा एक केला आहे.

सकाळी 7.10

गाव वडकीच्या अंगाला, राळेगाव इथून 14 किलोमीटर. गाडी भावाची. शंभराचं पेट्रोल दोन दिवसही धड पुरत नाही. डबा हँडलला, कानाला मफलर. रस्त्यात कापसाच्या ट्रॉल्या लागतात, वरून ताडपत्री, ताडपत्रीवर माणूस झोपलेला. ओव्हरटेक करताना तो ट्रॉल्या मोजतो. आज किती वजनं होणार याचा अंदाज येतो.

सकाळी 8.00

जिनिंग कारखान्याचं फाटक उघडतं. आत येताना शिपाई खिसे चाचपतो. माचिस, बिडी, लायटर बाहेर. कापसाच्या गंजीला एक ठिणगी पुरते.

त्याचं काम वजनकाट्यावर. काट्याची खोली आठ बाय आठ. खिडकीबाहेर जमिनीच्या पातळीत लोखंडी फळी, तिच्यावर गाडी उभी राहते. आत वजनाचा डबा, एक संगणक, खडखड करणारा प्रिंटर, पाण्याची बाटली. खुर्चीचा एक हात तुटलेला. तो आधी फडक्यानं पडदा पुसतो, मग रिकाम्या काट्यावर शून्य आलंय का बघतो. आलं नाही. बाहेर जाऊन खराट्यानं फळीच्या फटीतली माती काढतो. आता शून्य.

पगार महिन्याला 10,000. तिसानं भागा, 333 रुपये होतात. हंगामात सकाळी आठ ते रात्री आठ, म्हणजे तासाला पावणेअठ्ठावीस. बाजार बंद असला तरी फळी झाडायला यावंच लागतं. एप्रिलनंतर सरकी काढायचे रेचे थांबले की हा पगारही थांबतो.

सकाळी 9.20

इथे भारतीय कापूस महामंडळाची, म्हणजे लोकांच्या तोंडी सीसीआयची, खरेदी आहे. 2025-26 च्या या हंगामात शेतकऱ्याला ‘कपास किसान’ ॲपवर नोंद करावी लागते, दिवस ठरवून घ्यावा लागतो. त्यामुळे खिडकीशी वजनापेक्षा मोबाइलच जास्त येतात.

“सर, हे पाहा ना जरा. पोट्ट्यानं भरून देल्लं, पन मले काईच समजत नाई.”

“काकाजी, तुमचा स्लॉट उद्याचा हाय.”

“उद्याचा? आता गाडी घेऊन कुठी जाऊ मी?”

‘सर’ सगळेच म्हणतात. हमालसुद्धा. या ‘सर’ची गोष्ट पुढे येते.

तो मोबाइल घेतो, बोटानं सरकवतो, समजावतो. ह्या कामाचा पगार नाही. दुपारपर्यंत असे अकरा मोबाइल मी मोजले.

सकाळी 10.45

लाल ट्रॅक्टर काट्यावर चढतो. चालकाला उतरायला लावतो. आकडा डुगडुगतो, थांबतो. भरती वजन 5,860 किलो. गाडी ग्रेडरकडे जाते.

ग्रेडर कापसात हात घालून मीटर खुपसतो. ओल मोजायचं यंत्र ते. ओला कापूस वीज जास्त वाहू देतो, त्यावरून टक्का निघतो. सरांना हे ग्रेडरपेक्षा नीट माहीत आहे. पण मीटर त्यांच्या हातात नाही.

ओल 10 टक्के निघाली. भिंतीवर तक्ता आहे. लांब धाग्याचा या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 8,110, तो 8 टक्के ओलीला. पुढे प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्का खाली. 9 ला 8,028.90. 10 ला 7,947.80. 12 ला 7,785.60. त्याच्या वर गाडी परत.

गाडी खाली होऊन येते. रिकामं वजन 3,120. निव्वळ 27 क्विंटल 40 किलो. सर तोंडी हिशेब सांगतात: 2,17,769 रुपये 72 पैसे. शेतकरी विचारतो, एवढ्याच वजनाला ओल 8 निघाली असती तर? 4,444 रुपये जास्त, सर म्हणतात. शेतकरी कावून निघून जातो.

मी त्या तक्त्याकडे बराच वेळ बघत बसलो. कापसातल्या एका टक्क्याचाही भाव पैशापर्यंत छापलेला. खुर्चीवर बसलेल्याच्या दोन पदव्यांचा भाव मात्र कुठल्या भिंतीवर नाही.

दुपारी 1.15

रेच्यांचा आवाज थांबत नाही, म्हणून ओरडून बोलायचं. कवडी वेचणाऱ्या बाया सावलीला बसल्यात, केसांवर रुई. सर डबा उघडतात. समोर फिटर येऊन बसतो. वय 21. दहावीनंतर आयटीआय. पगार 16,000.

कोरोनाच्या वर्षी शाळा बंद होत्या. तेव्हा सर गावात दहावीच्या पोरांची शिकवणी घ्यायचे, समाजमंदिराच्या ओट्यावर. हा फिटर त्यातला. नोव्हेंबरमध्ये कारखान्यात दिसल्या दिसल्या तो ओरडला, “सर, तुमी इथं?”

घोळ तिथे झाला. कामाला लागताना सरांनी शिक्षण बारावी सांगितलं होतं. आधी एका ठिकाणी खरं सांगितलं, तर ‘तुमच्यासारख्याचं इथं काय काम’ म्हणून हात जोडले होते. इथे दोन महिन्यांनी दीड हजार वाढवतो म्हणाले होते. दोन महिने भरले तेव्हा मॅनेजरनं बोलावलं.

“तू तं एम.एस्सी. हायेस म्हनते. परीक्षा लागली का जाशीनच ना. मंग वाढवून काय करू?”

वाढ राहिली. याच्या आधी त्या खुर्चीवर बारावी नापास पोरगा होता, त्यालाही 10,000 च मिळायचे. मॅनेजर वाईट माणूस नाही. त्याचा हिशेब सरळ आहे: काट्यावर कोणीही बसो, वजन तेवढंच दिसतं. आणि रेचा बंद पडला तर तासाचं नुकसान होतं, म्हणून फिटरला धरून ठेवायचं. फिटर डब्यातला ठेचा सरांपुढे सरकवतो. त्याला अजून अपराधी वाटतं.

दुपारी 3.30

चहा, दहा रुपये. जवळजवळ बावीस मिनिटांची मजुरी. टपरीवर आणखी दोघं पदवीधर भेटतात. एक मोबाइलच्या दुकानात, एक कृषी केंद्रात. गप्पा भरतीच्या. कोणीतरी मंत्रालयाच्या उपाहारगृहाचा किस्सा काढतो. 2019 चा. वाढप्यांच्या 13 जागा, अट चौथी पास, अर्ज सात हजारांच्या आसपास. निवडलेल्यांत बारा पदवीधर निघाले. सगळे हसतात. कृषी केंद्रातला म्हणतो, “सरकारी होतं ना पन!” मग कोणी हसत नाही.

सरांनी या कामाआधी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एका कचेरीत दिवस काढले. तिथे दर ठरलेले होते: बारावीला 6,000, आयटीआयला 8,000, पदवीधराला 10,000. पदव्युत्तरालाही 10,000. मुदत आधी सहा महिने, मग पाच वाढले, मग घरी. मास्तरकीची परीक्षाही दिली. ती लागली असती तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकला मानधन 18,000, तेही 2023 पासून. त्याआधी 8,000 होतं.

संध्याकाळी 6.10

दिवे लागले. रांग अजून फाटकाबाहेर. प्रिंटरची रिबन फिकी पडलीय, आकडे दिसेनात. एक शेतकरी चिडतो, त्याला पट्टीवर 6 आहे की 8 ते कळत नाही. सर रिबन काढून बोटानं फिरवून परत बसवतात. बोटं जांभळी. मग पट्टीवर पेनानं वजन लिहून सही करतात. हे करायची गरज नव्हती.

प्रेसमधून गाठी निघताहेत. एक गाठ 170 किलोची, तिला पाचेक क्विंटल कापूस लागतो. ट्रक भरला की वडकीवरून नागपूर–हैदराबाद रस्त्याला लागतो.

रात्री 8.25

आजची वजनं 43. वहीत बेरीज, संगणकात बेरीज, दोन्ही जुळल्या. रिकाम्या काट्यावर पुन्हा शून्य बघितलं. खोलीला कुलूप. फाटकावर शिपाई पुन्हा खिसे चाचपतो.

रात्री 10.05

जेवण झालं. माय झोपली. मोबाइलवर निरोप आलाय: बुटीबोरीच्या एका रसायनाच्या कारखान्यात माणसं पाहिजेत. पगार 14,000. अट बारावी सायन्स.

मोबाइलमध्ये त्याचे दोन बायोडाटा आहेत. एकाचं नाव ‘बायोडाटा’. दुसऱ्याचं ‘बायोडाटा बारावी’. तो दुसरा उघडतो. नाव, पत्ता, जन्मतारीख. बारावी, 2015.

मी विचारलं, “मंग मधली दहा वर्षं?”

त्यानं मोबाइल माझ्याकडे वळवला. तिथे लिहिलं होतं: शेती.