वृद्धांस व्यायाम वर्ज्य. मग चंक्रमणाचे काय?

वृद्ध रुग्णास ‘रोज चालत जा’ असे सांगणारे वैद्य आणि ‘या वयात दगदग नको’ असे सांगणारे वैद्य, दोघेही ग्रंथाचाच आधार देतात. दुसऱ्या पक्षाचा आधार बहुतेकांस मुखोद्गत असतो. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वातपित्ताचे रोगी, बालक आणि अजीर्णी यांच्या पंक्तीत वाग्भटांनी वृद्धासही बसविले असून या सर्वांस व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. चरकसंहितेच्या काही पाठांतही याच आशयाचे वचन आढळते. विद्यार्थिदशेत पाठ केलेले हे वचन पुढे चिकित्साकर्मात इतके मुरते की, साठी उलटलेला रुग्ण समोर आला म्हणजे गुडघ्यास तेल, कोठ्यास चूर्ण, शक्तीस अवलेह आणि वर ‘विश्रांती घ्या’ हा उपदेश, अशी चिकित्सा ठरल्यासारखी होते. या उपदेशाच्या पुनर्विचाराची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते, आणि त्यासाठी ग्रंथाबाहेर जाण्याचीही गरज नाही.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय वैद्यबांधवांनी पुन्हा एकदा सावकाश वाचावा. शरीरास आयास उत्पन्न करणारे कर्म ते व्यायाम, अशी व्याख्या तेथे आहे. व्यायाम करणाऱ्यावर जरा एकाएकी आक्रमण करीत नाही असेही तेथेच म्हटले आहे. कोणी व्यायाम करू नये हे सांगताना सुश्रुतांनी रक्तपित्ती, कृश, शोषी, श्वास-कास-क्षताने पीडित, नुकताच जेवलेला, भ्रमार्त इत्यादींची गणना केली. वृद्धाचा निर्देश त्या गणनेत नाही. मात्र वय, बल, शरीर, देश, काळ आणि आहार पाहूनच व्यायाम करावा ही अट आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे याच अध्यायात चंक्रमणाचा विचार व्यायामापासून वेगळा केला आहे. देहास अतिपीडा न देणारे चालणे आयुष्य, बल, मेधा व अग्नी देणारे आणि इंद्रियांस जागविणारे आहे, असा त्याचा आशय आहे. वृद्धासाठी यापेक्षा निराळी कोणती फलश्रुती आपण मागणार?

तेव्हा वाग्भटांचा निषेध खोटा नाही. तो कशाचा निषेध आहे एवढेच पाहावयाचे. आमच्या मते तो अर्धशक्तीपर्यंत घाम गाळणाऱ्या आयासाचा, आखाड्यातल्या श्रमाचा निषेध आहे. अंगणातल्या फेरीचा नव्हे. रुग्णाच्या मनातही हाच गोंधळ असतो. ‘व्यायाम करा’ म्हटले की आजोबांस जोर-बैठका आठवतात आणि आजी तर तोंडाला पदर लावून हसतात. ‘देवळाला पाच प्रदक्षिणा वाढवा’ म्हटले की तीच आजी निमूटपणे मान डोलावते.

वृद्ध कोणास म्हणावे, हाही प्रश्न आहेच. चरकांच्या मते साठीनंतर जीर्ण वय सुरू होते. सुश्रुत मात्र सत्तरीपर्यंत मध्यम वयच मानतात, त्यातील चाळिशीनंतरचा भाग हानीचा. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वा साठाव्या वर्षी सेवानिवृत्त होऊन आरामखुर्चीत बसलेला गृहस्थ सुश्रुतांच्या हिशेबाने आणखी दहा वर्षे मध्यमवयीनच आहे. २०११ च्या जनगणनेत साठ वा अधिक वयाचे नागरिक देशात सुमारे १० कोटी ४० लक्ष होते आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. त्यानंतर हा वर्ग वाढतच गेला आहे, आणि आपल्या दवाखान्यांतील व औषधालयांतील गर्दीत तो प्रथम दिसतो.

बसून राहिल्याने काय होते हे वैद्यांस सांगणे नलगे. आधीच वाताधिक्याचे वय, त्यात मांसधातू क्षीण होतो, अग्नी मंदावतो, मल अवरुद्ध होतो, दुपारी डोळा लागतो आणि रात्री लागत नाही. (वृद्धास दिवास्वाप चरकांनी अनुज्ञात केला आहे हे खरे, पण ती अनुज्ञा चार-चार तासांची नसावी.) याहून घातक असते ती भीती. पडेन म्हणून चालत नाही, चालत नाही म्हणून पाय लटके पडतात, पाय लटके पडले म्हणून खरोखरच पडतो. मांडीच्या हाडाचा अस्थिभंग होऊन अंथरुणाला खिळलेला वृद्ध आपण सर्वांनीच पाहिला आहे. त्यातले कितीजण पूर्ववत उठले, हे ज्याचे त्याने आठवावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसृत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्यास किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. त्याखेरीज आठवड्यातून तीन वा अधिक दिवस तोल व स्नायुबल वाढविणाऱ्या क्रियाही सांगितल्या आहेत. हा आकडा पहिल्याच दिवशी रुग्णाच्या हाती देणे म्हणजे मंदाग्नीच्या रुग्णास पंचपक्वान्न वाढणे होय. पूर्वी मुळीच न चालणाऱ्याने थोडे चालणेही हिताचेच, असे तीच तत्त्वे सांगतात.

मग आरंभ कोठून करावा? आमचे उत्तर: शतपावलीपासून. सुश्रुतांनी अन्नपानविधीत भोजनोत्तर थोडे स्वस्थ बसून मग शंभर पावले चालण्यास सांगितले आहे, आणि हा शब्द मराठी घरात आजही जिवंत आहे. जेवणानंतर हलके चालल्याने रक्तातील साखरेची चढ कमी होते, हे आधुनिक शास्त्रासही मान्य आहे. दोन्ही जेवणांनंतर शतपावली आठ दिवस निर्वेध झाली की सकाळची दहा मिनिटांची फेरी जोडावी आणि ती दर आठवड्यास दोन-तीन मिनिटांनी वाढवावी. मात्रेचे मापक सोपे आहे. चालताना सोबत्याशी बोलता यावे. वाक्य तुटू लागले की थांबावे. श्वास मुखावाटे सुरू होणे हे अर्धशक्तीचे लक्षण ग्रंथात आहे. वृद्धाने त्याच्या अलीकडेच थांबावयाचे. जोडीला खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठणे-बसणे, आणि ओट्याला धरून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहणे, या दोन क्रिया द्याव्यात. गृहिणी दिवसभर राबतात म्हणून त्यांस याची आवश्यकता नाही, हा समज मात्र सोडावा. ओट्यापाशी तीन तास एकाच जागी उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे.

हे सारे तोंडी सांगून उपयोग होत नाही असा आमचा अनुभव आहे. औषधाच्या चिठ्ठीवर, औषधाच्याच ओळीत लिहावे: चंक्रमण, दहा मिनिटे, सूर्योदयानंतर, सपाट जागी, सोबतीने, पंधरा दिवस. पुढील भेटीस तेलाची चौकशी करतो तशीच याचीही करावी. लिहिण्यापूर्वी छातीत दुखणे, अल्प श्रमाने दम लागणे, उठताच भोवळ येणे यांविषयी विचारावे, रक्तदाब उभ्यानेही मोजावा आणि शंका आल्यास हृद्रोगतज्ज्ञाकडे धाडण्यास संकोच करू नये. इन्सुलिन वा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी लांब चालू नये. खिशात खडीसाखर ठेवावी. त्याचे तळपाय आपण स्वतः पाहावेत. बधिर पायांनी देवळाच्या तापल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालणे व्रणास आमंत्रण देते.

औषधालयाच्या चालकांसही एक विनंती. महिन्यात तेलाची तिसरी बाटली किंवा रेचक चूर्णाचा दुसरा डबा नेणारा वृद्ध ग्राहक आपणच प्रथम ओळखता. ‘आजोबा, चालणे किती होते?’ हा प्रश्न गल्ल्यावरून विचारण्यास काही मोल पडत नाही. च्यवनप्राश मागणाऱ्यास मधुमेह आहे काय हेही विचारावे, कारण अवलेहात शर्करा असतेच. अशाने विक्री घटेल ही शंका काहीजण बोलून दाखवितात. अभ्यंग तर चालणाऱ्यासही हवाच, त्यामुळे तेलाच्या विक्रीची चिंता आम्हांस वाटत नाही. रेचकाचा खप मात्र थोडा घटेल, आणि तो घटावा.

आता वारीविषयी. दरवर्षी ज्येष्ठात गुडघ्याला तेल मागण्यास येणारे वारकरी आपणांपैकी अनेकांस परिचित असतील. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाट साठी-सत्तरीचे स्त्री-पुरुष चालतात. पुण्याहून दिवेघाट चढून सासवड गाठण्याचा लांबचा टप्पाही त्यातच येतो. वृद्धास चालणे झेपत नाही असे म्हणणाऱ्याने तो घाट चढणाऱ्या दिंड्या एकदा पाहाव्यात. तथापि वारीचा काळ ग्रीष्माच्या अखेरचा व वर्षेच्या आरंभीचा, म्हणजे देहबल सर्वांत क्षीण असण्याचा. अकरा महिने ओसरीवर बसून एकदम रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणे, हाच वाग्भटांनी निषेधिलेला आयास होय. शीतकाळ व वसंत हे त्यांनीच व्यायामास अनुकूल मानलेले ऋतू. म्हणून वारीस जाणाऱ्या वृद्धांस तपासणीसाठी ज्येष्ठात नव्हे, माघ-फाल्गुनात बोलवावे. चार महिन्यांत फेरी क्रमाक्रमाने वाढवावी, वारीत घालावयाच्या वहाणांनीच ती करवावी आणि थकवा आल्यास दिंडीच्या गाडीत बसण्यात कमीपणा नाही हे आधीच मनावर बिंबवावे. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ व भजनी मंडळे यांच्याकरवी ही तपासणी सहज योजता येईल. आषाढीनंतर घरी परतलेल्यांची फेरी मध्येच सुटू नये, म्हणून त्यांस श्रावणात पुन्हा एकदा बोलवावे.