जुन्या मोटारसायकलींच्या अंतरमापकावरील कमी नोंद

जुन्या मोटारसायकलींच्या अंतरमापकावरील कमी नोंद म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वी किंवा त्याआधी बनलेल्या मोटारसायकलीच्या मीटरवर तिच्या वयाच्या मानाने फारच थोडे किलोमीटर दिसणे. अशी नोंद 'गाडी कमी चालली आहे' याचा पुरावा मानली जाते व तिच्यामुळे गाडीची किंमत वाढते. प्रत्यक्षात कमी आकड्यामागे अनेक कारणे असू शकतात आणि त्यांपैकी काहींचा गाडी किती चालली याच्याशी संबंध नसतो.

मराठीत 'मायलेज' हा शब्द बहुधा एका लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते या अर्थाने वापरतात. बोलीत त्यालाच 'ॲव्हरेज' म्हणतात. या लेखात मायलेज म्हणजे गाडीने आयुष्यात कापलेले एकूण अंतर होय. हे दोन अर्थ एकमेकांपासून अगदीच वेगळे नाहीत, हे पुढे दिसेल.

अंतरमापकाची रचना व मर्यादा

जुन्या मोटारसायकलींतील अंतरमापक पूर्णपणे यांत्रिक असे. अनेक गाड्यांत पुढच्या चाकाच्या हबमधील लहान गिअरमुळे एक लवचीक केबल फिरते आणि तिची गती मीटरमध्ये कमी होत होत अंकांच्या चकत्यांपर्यंत पोहोचते. एका चकतीचा पूर्ण फेरा झाला की शेजारची चकती एका अंकाने पुढे सरकते.

बहुतेक मीटरांत किलोमीटरसाठी पाचच अंक असत. त्यामुळे ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू होते. रोज २० किलोमीटर चालणारी गाडी वर्षाला ७,३०० किलोमीटर जाते, म्हणजे सुमारे पावणेचौदा वर्षांत तिचे मीटर एकदा 'फिरते'. १९७५ सालची अशी गाडी पन्नास वर्षांत तीन वेळा शून्यावर आलेली असते. तिच्यावर आज ६५,००० दिसत असले, तरी खरे अंतर ३,६५,००० किलोमीटर असते. हे मीटर पाहून कळत नाही.

त्याहून सर्रास आढळणारी गोष्ट म्हणजे बंद मीटर. केबल तुटली किंवा हबमधील गिअरचे दाते झिजले की काटा पडतो आणि अंकही थांबतात. गाडी मात्र चालतच राहते. ब्रेक किंवा क्लचची केबल तुटली तर ती त्याच दिवशी बदलावी लागते. मीटरच्या केबलवाचून कोणाचे काम अडत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे तशीच राहते. भारतातील जुन्या गाड्यांवरील कमी आकड्यांचा विचार करताना प्रथम या साध्या कारणाकडे पाहावे. डागडुजीच्या वेळी बाजारातून नवे मीटर आणून बसवले तरीही मोजणी शून्यापासून सुरू होते. त्यात फसवणुकीचा हेतू असेलच असे नाही. विक्रीपूर्वी मुद्दाम आकडा मागे घेण्याचा प्रकार वेगळा.

ब्रिटनमधून आलेल्या बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन यांसारख्या जुन्या गाड्यांचे मीटर मैलांत असते. एक मैल म्हणजे सुमारे १.६१ किलोमीटर, त्यामुळे ३०,००० चा आकडा वास्तविक ४८,००० किलोमीटरांचा असतो.

टिकून राहिलेल्या गाड्यांचा प्रश्न

मीटर अगदी खरे असले तरी आणखी एक बाब उरते. आज दिसणाऱ्या जुन्या गाड्या म्हणजे त्या काळच्या सर्व गाड्या नव्हेत, तर टिकलेल्या गाड्या होत. ज्या रोज राबल्या त्या बोअर करून, रिंग-पिस्टन बदलून शेवटी भंगारात गेल्या किंवा सुट्या भागांसाठी मोडल्या गेल्या. ज्या काही कारणाने लवकर उभ्या राहिल्या, त्याच अखंड उरल्या. म्हणून 'पूर्वी लोक गाड्या कमी चालवत' असा निष्कर्ष उरलेल्या गाड्यांवरून काढणे चुकीचे ठरते.

युरोप-अमेरिकेत मोटारसायकल ही अनेक घरांत मोटारीशिवायचे दुसरे, हौसेचे वाहन असते आणि कडाक्याच्या थंडीत ती झाकून ठेवली जाते. तेथे खरोखरच कमी चाललेल्या गाड्या मिळतात. भारतात ती बहुधा घरातील एकमेव वाहन असे. हा फरक लक्षात न घेता परदेशी संग्राहकांचे निकष येथे लावले जातात, ते योग्य नाही.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती

स्वातंत्र्यानंतर मोटारसायकल भारतातच बनू लागली. मद्रास येथे १९५५ मध्ये एनफिल्ड इंडियाची स्थापना होऊन बुलेट तयार होऊ लागली. १९६० च्या दशकाच्या आरंभी म्हैसूरची आयडियल जावा कंपनी आणि 'राजदूत' बनवणारी एस्कॉर्ट्स कंपनी या क्षेत्रात आल्या. जावाच्या जागी पुढे 'येझदी' हे नाव आले. बीडसारख्या जिल्ह्यात या गाड्यांना विशेष महत्त्व होते. परळी वैजनाथ हे रेल्वेस्थानक जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. बीड शहराला मात्र अनेक दशके रेल्वे नव्हती. लांबचा प्रवास एस.टी.ने होई आणि मोटारसायकल गाव ते तालुका एवढ्या अंतरात फिरे.

अशा वापराचा हिशेब उदाहरणाने स्पष्ट होतो. तालुक्यापासून १२ किलोमीटरवरच्या गावातून आठवड्यात दोनदा जाऊन-येऊन केल्यास वर्षाला सुमारे २,५०० आणि वीस वर्षांत ५०,००० किलोमीटर होतात. म्हणजे नियमित वापरातली गाडीही मीटर न फिरवता म्हातारी होऊ शकते. मात्र हे किलोमीटर सोपे नव्हते. बालाघाटच्या डोंगरातले चढ, काळ्या मातीच्या पायवाटा आणि मागे दुधाच्या कॅन किंवा पोती असली की इंजिन, क्लच व चेन यांची झीज डांबरी रस्त्याच्या तुलनेत फार लवकर होते.

जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांचे मोठे स्थलांतर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे होते आणि ती कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या काळात गावी ठेवलेली गाडी चार-पाच महिने जागची हलत नाही. दुष्काळी वर्षांत पेट्रोलचा खर्च सर्वांत आधी कमी होतो, हेही ओघाने आले.

येथेच 'मायलेज'चे दोन अर्थ एकत्र येतात. राजदूत, जावा, येझदी ही टू-स्ट्रोक इंजिने होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे आणि ॲव्हरेज बेताचेच मिळे. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० या फोर-स्ट्रोक गाडीने कमी पेट्रोलमध्ये दूर जाण्याची नवी सवय लावली. नवी गाडी घरात आली की जुनी गोठ्यात किंवा ओसरीवर उभी राही. ॲव्हरेज कमी, म्हणून वापर कमी आणि म्हणून मीटरवरचा आकडाही तिथेच थांबलेला. १९८३ पासून भारतात बनलेली राजदूत ३५० ही या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. वेगासाठी आज ती नावाजली जाते, पण तेव्हा पेट्रोलच्या भुकेमुळे ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती.

उभ्या गाडीची हानी आणि परीक्षण

कमी चाललेली गाडी चांगलीच असेल असे नाही. टाकीतले जुने पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरची छिद्रे बुजवते, टाकी आतून गंजते, ऑइल सील कडक होतात आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकू शकतो. बीड पर्जन्यछायेच्या प्रदेशात असल्याने येथील गाडीचा पत्रा कोकणातल्या गाडीइतका सडत नाही. उलट ऊन आणि धुळीमुळे टायर, पाइप व इतर रबरी भागांना तडे जातात.

म्हणून मीटरपेक्षा झिजलेले भाग अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरतात. किकच्या व पाय ठेवण्याच्या रबराची झीज, स्प्रॉकेटचे टोकदार झालेले दाते, ब्रेक ड्रममधली खाच, हॅण्डल वळवताना जाणवणारा खडबडीतपणा आणि पिस्टनवर कोरलेले ओव्हरसाइझचे माप हे सर्व एकत्र पाहावे लागते. मीटर १२,००० दाखवत असेल आणि सिलिंडर दोनदा बोअर केलेला असेल, तर मीटरवर विसंबण्याचे कारण उरत नाही.

कायदेशीर बाजू

अमेरिकेत १९७२ च्या संघीय कायद्याने अंतरमापकात फेरफार करणे गुन्हा ठरवले आणि विक्रीच्या वेळी आकडा लिहून देणे बंधनकारक केले; ठरावीक वयाच्या जुन्या वाहनांना त्यातून सूट आहे. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या दाखल्यावर आकडा नोंदला जातो. भारतात गाडीच्या आरसी बुकावर किलोमीटरची नोंद नसते, त्यामुळे जुने सर्व्हिस कार्ड हाच काय तो लेखी आधार राहतो.

खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते व पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. हे न झाल्याने घरीच उभ्या राहिलेल्या गाड्या खेड्यापाड्यांत आढळतात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. त्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी क्रमांकमालिका मिळते, पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे वैध असते. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे व देखभाल याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास परवानगी नाही. त्यामुळे या मालिकेत नोंदलेल्या गाड्यांच्या मीटरवरील आकडे यापुढे फारसे वाढणार नाहीत.