हिवाळा आणि बैलांचे खूर

दिवाळीनंतर लोधीखेडा-सौंसर भागात बैलांच्या कष्टाला जोर येतो. गहू-हरभऱ्याची पेरणी असते. कापूस व संत्री शेतातून सडकेपर्यंत वाहून न्यावयाची असतात. ट्रॅक्टर आला असला, तरी अनेक लहान शेतकऱ्यांची भिस्त अद्याप बैलजोडीवरच आहे. एक बैल लंगडला की दुसरा धडधाकट असूनही जोडी अडते, आणि जमिनीतील ओल पेरणीसाठी थांबत नाही.

वर्धा, नागपूर व छिंदवाडा या पट्ट्यात नांदणारी गवळाऊ जात अंगाने हलकी व चालीने चपळ. मराठ्यांच्या सैन्याची रसद झपाट्याने वाहण्यासाठी ती जोपासली गेली, असे मानले जाते. परंतु चपळाई कितीही असली, तरी तिचा सारा भार चार खुरांवरच पडतो.

घोड्याचा खूर अखंड असतो, तर बैलाचा दुभंगलेला. म्हणून घोड्याच्या पायाला एकच वाकडी नाल पुरते; बैलाला मात्र प्रत्येक नखीसाठी स्वतंत्र पट्टी ठोकावी लागते. खुराचे बाहेरचे कवच शिंगासारखे निर्जीव असते. त्याच्या आत रक्त व संवेदना असलेला जिवंत भाग असतो. खिळा कवचातच राहिला तर बैलाला वेदना होत नाही. तो आत शिरला तर पाय पिकतो, क्वचित धनुर्वातही होतो. म्हणून नाल जाणत्या नालबंदाकडूनच ठोकून घ्यावी.

हिवाळ्यात खुरांवर दुहेरी आघात होतो. थंडीमुळे गोठा बंद ठेवला जातो आणि बैल रात्रभर शेण-मुतात उभा राहतो. त्यामुळे खूर मऊ पडतो. दिवसा तोच खूर वाळलेल्या ढेकळांवर व खडीच्या रस्त्यावर आपटतो. कोरड्या वाऱ्याने त्याला भेगा पडतात. भेगांतून घाण आत गेली की खूर सडू लागतो.

याला उपाय साधे आहेत. वाऱ्याच्या बाजूला तट्टा बांधावा, पण हवा कोंडू नये. जमीन उताराची ठेवून खाली कोरडा भुसा अंथरावा. संध्याकाळी जू उतरताच नख्यांमधील खडे, काटे व चिखल काढून खूर धुवावेत आणि कोरडे पुसावेत. खूर सडू लागल्यास लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मोरचूद विरघळवून त्यात पाय बुडवितात. हे पाणी विषारी असल्याने ते जनावरांच्या पिण्यात येऊ देऊ नये.

मात्र बैल लंगडत असून तोंडातून लाळ गळत असेल व ताप असेल, तर ती लाळ-खुरकूत समजावी. घोड्यास हा रोग होत नाही. दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांत तो झपाट्याने पसरतो. थंड, ओलसर जागी त्याचे विषाणू अधिक काळ टिकतात. आजारी बैल ताबडतोब वेगळा बांधावा, त्याचे चारा-पाणी निराळे ठेवावे, त्याला बाजारात नेऊ नये आणि पशुवैद्यास बोलवावे. या रोगाविरुद्ध २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली दर सहा महिन्यांनी मोफत लस दिली जाते. ती चुकवू नये.

पोळ्याला बैलाचे पाय धुऊन त्याची पूजा होते. तेच पाय हिवाळ्यात रोज संध्याकाळी धुतले गेले, तर जोडी हंगामभर उभी राहील.