म्हातारपणी मोडलेला मणका आणि सुईतले सिमेंट

टोकावड्याच्या बाजूला भातलावणीत म्हातारी माणसेही कंबर मोडेस्तोवर वाकतात. मग एखादी आजी भरला हंडा उचलते, पाठीत कळ येते आणि ती अंथरूण धरते. घरचे म्हणतात, उसण भरली, चोळणाऱ्याला बोलावतात. तसे करू नका! पाळी गेल्यावर बायकांची हाडे विरळ होतात. मणकाच दबून मोडला असेल, तर एक्स-रेत तो पाचरीसारखा दिसतो.

बहुतेकांचे दुखणे औषधे व पट्ट्याने सहा-आठ आठवड्यांत उतरते. मात्र सतत निजून राहू नये, हाडे आणखी विरळतात.

कळ सोसवेनाशी झाली, तर सुईचा उपाय आहे. १९८४ साली फ्रान्समधील आमियां गावी गालिबेर व देरामों या डॉक्टरांनी तो प्रथम केला. जागा बधिर करून, पडद्यावर पाहत सुई मणक्यात घालतात आणि हाडाचे खास सिमेंट सोडतात. ते काही मिनिटांत घट्ट होते. दुसऱ्या पद्धतीत आधी आत फुगा फुगवून जागा करतात.

पण २००९ च्या दोन चाचण्यांत खोट्या उपचारानेही तेवढाच आराम पडला! २०१६ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत मात्र ताज्या, तीव्र दुखण्याला गुण आला. म्हणून घाईने खर्चात पडू नका. सिमेंट बाहेर झिरपण्याचा धोकाही विचारून घ्या. हाडांचे औषध चालू ठेवावेच लागते, नाहीतर दुसरा मणका मोडतो. नाचणीची भाकरी चांगलीच, पण ती औषधाची जागा घेत नाही.

पाय बधिर झाले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी कल्याण-ठाण्याचे मोठे इस्पितळ गाठा.