देवकी कीं यशोदा?

गेल्या श्रावणांत गोकुळाष्टमीच्या रात्रीं आमच्या घरीं नित्याप्रमाणें कृष्णजन्माची कथा चालली होती. ऐकणाऱ्यांत माझा दहा वर्षांचा नातू होता. माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त हॉलंडांत स्थायिक झालेला आहे. हा मुलगा तेथेंच जन्मला व तेथेंच वाढत आहे. बंदिशाळेंतील जन्म, यमुनेचा पूर, गोकुळांतील लोणी इत्यादि सर्व यथासांग झाल्यावर त्यानें विचारलें, "आजोबा, मग कृष्णाची खरी आई कोणती?"

शाळेंत मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देण्यांत माझा जन्म गेला. जन्म देणारी देवकी आणि वाढविणारी यशोदा, दोघीही खऱ्याच, असें ठरलेलें उत्तर मीं दिलें. त्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. तो म्हणाला, "आमच्या क्लबांतलीं मोरोक्कोचीं मुलें म्हणतात, झियेशनें केलें तें बरोबर. डच मुलें म्हणतात, चूक. तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

हा झियेश कोण, हें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें. परंतु प्रश्न विचारणाऱ्या मुलास 'उद्यां सांगतों' म्हटलें तर उद्यां सांगितलेंच पाहिजे, हा माझा जुना नेम. म्हणून मीं त्या खेळाडूचें चरित्र मिळेल तेथून वाचून काढलें. वाचतां वाचतां कळून आलें कीं, ही केवळ एका खेळाडूची हकीकत नसून परदेशीं वसलेल्या प्रत्येक कुटुंबाची हकीकत आहे. आणि अशीं कुटुंबें आज आपल्या वाचकांत थोडीं नाहींत.

हकीम झियेश याचा जन्म १९ मार्च १९९३ रोजीं हॉलंडांतील ड्रोंटेन या गांवीं झाला. हकीम म्हणजे वैद्य, एवढेंच आपणांस माहीत. परंतु मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'शहाणा' असा आहे. हा अर्थ वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल. ड्रोंटेन हें गांवच मुळीं विलक्षण. ज्या जागेवर तें वसलें आहे तेथें १९५७ सालापर्यंत पाणी होतें. डच लोकांनीं बांध घातले, पाणी उपसलें, जमीन कोरडी केली आणि पुढच्या दशकांत तेथें नवें गांव वसविलें. जेथें जमीनच काल वर आलेली, तेथें उपरा कोणाला म्हणावें?

पण उपरे होतेच. १९६९ सालीं हॉलंड आणि मोरोक्को या देशांमध्यें मजूरभरतीचा करार झाला. मोरोक्कोंतील तरुण पुरुष कारखान्यांत काम करण्यासाठीं उत्तरेस गेले. चार पैसे गांठीला बांधून परत यावें, हा बहुतेकांचा हेतु; परंतु बायकामुलें मागाहून तेथेंच आलीं, मुलें डच शाळांत शिकूं लागलीं आणि परतण्याचा दिवस पुढें पुढें जात राहिला. हकीम हा अशाच एका मोठ्या कुटुंबांतील शेंडेफळ. तो दहा वर्षांचा असतांना त्याचे वडील वारले. पितृवियोगानंतर तो वाईट मार्गास लागण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं होतीं. त्या वेळीं अझीझ दूफिकर या मोरोक्कन गृहस्थांनीं त्याला हात दिला. दूफिकर स्वतः हॉलंडांत व्यावसायिक फुटबॉल खेळलेले. चौदाव्या वर्षाच्या सुमारास हकीम हेरेनवेन येथील क्लबाच्या शिक्षणवर्गांत दाखल झाला आणि २०१२ सालीं त्याच क्लबाच्या मुख्य संघांतून मैदानावर उतरला.

त्याच्या खेळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मैदानाच्या कडेनें चढाई करणाऱ्या खेळाडूस विंगर म्हणतात. आमच्या वेळचे क्रीडाशिक्षक त्याला 'राइट आउट' किंवा 'लेफ्ट आउट' म्हणत. जुन्या पद्धतींत उजव्या कडेला उजव्या पायाचा खेळाडू असे. तो रेषेला धरून शेवटपर्यंत धांवत जाई आणि तेथून चेंडू गोलासमोर टाकी. झियेश डाव्या पायाचा, परंतु खेळतो उजव्या कडेला. पुढें येतां येतां तो एकदम आंत वळतो. आतां चेंडू त्याच्या आवडत्या पायावर येतो आणि दोन वाटा मोकळ्या होतात: स्वतः गोलावर नेम धरणें, किंवा दूरच्या खांबाच्या रोखानें चेंडू वळवून टाकणें. असा चेंडू गोलाकडेच वांकत जातो. रक्षक आणि गोलकीपर यांच्या मधल्या पट्ट्यांत तो पडला कीं, सोबत्याचा पाय लागला तर गोल, न लागला तरी गोलकीपरची त्रेधा. हें कसब त्यानें हॉलंडच्याच मैदानांवर घोटलें.

२०१४ सालीं तो ट्वेंटे या क्लबांत गेला आणि हॉलंडांतील उत्तम खेळाडूंत त्याची गणना होऊं लागली. कनिष्ठ गटांत तो हॉलंडकडून खेळला होता. मे २०१५ मध्यें हॉलंडच्या ज्येष्ठ संघाकडूनही त्याला बोलावणें आलें; परंतु दुखापतीमुळें तो खेळूं शकला नाहीं. आंतरराष्ट्रीय नियम असा कीं, कनिष्ठ गटांत एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूस आईबापांच्या देशाचा पक्ष घेण्याची मुभा राहते. मात्र ती निवड पुन्हा पुन्हा करतां येत नाहीं. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत झियेशनें मोरोक्को निवडला. ऑक्टोबरांत तो मोरोक्कोच्या संघांतून प्रथम खेळला, आणि तो सामना मोरोक्को हरला!

हॉलंडांत पुष्कळांना हें रुचलें नाहीं. त्या देशाचा एके काळचा थोर खेळाडू मार्को व्हान बास्टेन यानें तर या निवडीला उघडपणें मूर्खपणा म्हटलें. ज्याचें नांवच शहाणा, तो मूर्ख ठरला. हॉलंडसारखा बलाढ्य संघ सोडून सतरा वर्षें विश्वचषकाचें तोंड न पाहिलेल्या देशाकडे कोण जाईल, असा एकंदर सूर होता. पुढें काय झालें? २०१८ च्या विश्वचषकास हॉलंडचा संघ पात्रच ठरला नाहीं, आणि मोरोक्को १९९८ नंतर प्रथमच तेथें पोंचला. परंतु एवढ्यावरून झियेश शहाणा ठरला, असें मी म्हणणार नाहीं. फळ पाहून कर्माची पारख करणें ही आळशी माणसाची पद्धत आहे. खरी परीक्षा यशांत नसते.

ती परीक्षा झाली २०१९ सालीं. झियेश तेव्हां ॲमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबांत होता. त्या वसंतांत या तरुण संघानें युरोपला थक्क केलें. मार्चमध्यें माद्रिदच्या रेआल संघाचा त्याच्याच मैदानावर ४-१ असा पाडाव झाला. पहिला गोल झियेशचा. ८ मे रोजीं उपांत्य फेरीचा दुसरा सामना ॲमस्टरडॅमांत लंडनच्या टॉटनहॅमशीं होता. मध्यंतरापर्यंत आयाक्सचे दोन गोल झाले. त्यांतील दुसरा झियेशचा. आदल्या सामन्यांतील गोल धरून तीन गोलांची आघाडी! उत्तरार्धांत टॉटनहॅमच्या लूकास मौरा यानें तीन गोल केले. त्यांतला शेवटचा ठरलेली वेळ उलटून गेल्यावर, सहाव्या मिनिटाला. परक्या मैदानावरील अधिक गोलांच्या तत्कालीन नियमानें आयाक्स बाद झाला.

दोनच महिन्यांनीं, ५ जुलै रोजीं, कैरो येथें आफ्रिका चषकांत मोरोक्कोचा सामना बेनिन या लहान देशाशीं होता. दोघांचा एकेक गोल झालेला. अगदीं शेवटच्या क्षणीं मोरोक्कोला पेनल्टी मिळाली. चेंडू झियेशसमोर, विजय एका पावलावर. आणि त्यानें मारलेला चेंडू खांबावर आदळला. पुढें पेनल्टींच्या फेरींत मोरोक्को हरला आणि दोषाचें सर्व खापर झियेशच्या डोक्यावर फुटलें. एक घाव यशोदेच्या अंगणांत, दुसरा देवकीच्या. ज्या देशासाठीं त्यानें दुसरा देश नाकारला, त्याच देशाचे लोक आतां त्याला बोल लावूं लागले.

यापुढील भाग लिहितांना त्याची कड घ्यावी असें मला वाटत नाहीं. २०२० सालीं लंडनच्या चेल्सी क्लबानें सुमारें चार कोटी युरो मोजून त्याला नेलें. तेथें एप्रिल २०२१ मध्यें मँचेस्टर सिटीविरुद्ध इंग्लंडच्या चषकाच्या उपांत्य सामन्यांतील एकमेव गोल त्यानें केला. परंतु पुढल्याच महिन्यांत युरोपच्या अंतिम सामन्यांत चेल्सी जिंकला, तेव्हां तो राखीव खेळाडूंच्या बांकावर बसून होता. इकडे मोरोक्कोचा प्रशिक्षक वाहिद हलिलहोजिच याच्याशीं त्याचें बिनसलें. शिस्तीचा प्रश्न काढून प्रशिक्षकानें २०२२ च्या आफ्रिका चषकांतून त्याला वगळलें, आणि फेब्रुवारींत झियेशनें जाहीर केलें कीं आपण पुन्हां राष्ट्रीय संघाकडून खेळणार नाहीं. रागाच्या भरांत घर सोडणारा धाकटा मुलगा आपल्याकडील एकत्र कुटुंबांतही आपण पाहिला आहे. चूक कोणाची हें बाजूस ठेवलें तरी, घराचें दार बाहेरून ओढून घेणें बरें नव्हे.

परंतु तें दार पुन्हां उघडलें. ऑगस्टमध्यें प्रशिक्षक बदलला. वालिद रेग्रागी नामक नवा प्रशिक्षक आला. हा स्वतः फ्रान्समध्यें जन्मलेला मोरोक्कन. त्यानें झियेशला परत बोलाविलें आणि झियेश मागील सर्व गिळून परत आला. त्याच वर्षीं कतार येथें झालेल्या विश्वचषकांत मोरोक्कोच्या २६ खेळाडूंपैकीं १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते: कोणी माद्रिदमध्यें, कोणी कॅनडांत, कोणी हॉलंडांत. खेळाडूंच्या आयांनाही तेथें बोलावून घेतलें होतें. बेल्जमविरुद्ध झियेशनें दिलेल्या चेंडूवर दुसरा गोल झाला. कॅनडाविरुद्ध चौथ्याच मिनिटाला त्यानें स्वतः गोल केला. मग स्पेनशीं गांठ पडली. सामना बरोबरींत सुटला आणि पुन्हां पेनल्टी मारण्याची वेळ आली. कैरोच्या खांबाचा आवाज ज्याच्या कानांत असेल, त्या माणसानें पुन्हां चेंडूसमोर उभें राहणें, याला मी धैर्य म्हणतों. झियेशनें गोल केला. मोरोक्कोनें स्पेन आणि पाठोपाठ पोर्तुगाल यांना बाद केलें, आणि आफ्रिका खंडांतील एक देश प्रथमच विश्वचषकाच्या उपांत्य फेरींत पोंचला. पोर्तुगालवरील विजयानंतर सोफियान बुफाल हा डाव्या कडेचा विंगर आपल्या आईचा हात धरून मैदानावर नाचला. तें चित्र जगभर पाहिलें गेलें.

पुढें फ्रान्सपुढें मोरोक्को हरला. झियेशचेंही वय वाढत गेलें. जानेवारी २०२३ मध्यें पॅरिसच्या क्लबांत जाण्याचें ठरलेलें असतां कागदपत्रें मुदतींत न पोंचल्यानें तें फिसकटलें. मग इस्तंबूलच्या गालातासराय क्लबाकडून त्यानें २०२४ चें तुर्की अजिंक्यपद मिळविलें. २०२५ च्या आरंभीं तो कतारांत गेला, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत कासाब्लांकाच्या विदाद क्लबांत दाखल झाला. मोरोक्कोच्या भूमीवरील क्लबाकडून खेळण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

हें सर्व मीं नातवाला सांगितलें, विदादची वार्ता पुढें दूरध्वनीवरून. तेव्हां तो म्हणाला, "पण आजोबा, बरोबर कोण?" मीं त्याला म्हटलें, "बाळ, कृष्ण मथुरेस गेला आणि कर्ण वाढविणाऱ्यांपाशींच राहिला. आपल्या पूर्वजांनीं दोघांनाही थोर म्हटलें आहे. तेव्हां कोणता पक्ष धरला यावर थोरवी अवलंबून नाहीं. झियेशला हॉलंडनें शिकविलें. त्याची फेड त्यानें आठ वर्षें हॉलंडच्याच क्लबांकडून खेळून केली. मोरोक्को त्यानें स्वतः निवडला. तेथें बोल खाल्ले, रुसला, पण परत आला. तूं जो पक्ष धरशील, त्याच्या पराभवाच्या दिवशींही त्याचाच राहा, आणि दुसऱ्याला नांवें ठेवूं नकोस."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानें हळूच विचारलें, "म्हणजे मी हॉलंडकडून खेळलों तर तुम्हांला चालेल?"

प्रामाणिकपणें लिहितों, उत्तर द्यावयास मला क्षणभर वेळ लागला. आपल्या देशाच्या कायद्यांत दुहेरी नागरिकत्व नाहीं. आज ना उद्यां या मुलाला कागदावर तरी एकच देश लिहावा लागेल, आणि तो कोणता असेल याचा अदमास मला आहे. कथा सांगतांना यशोदेचें कौतुक करणें फार सोपें असतें. देवकीच्या जागीं स्वतः उभें राहावें लागलें म्हणजे तिचें मन कळतें.

"चालेल," मीं म्हटलें. "सामना असेल तेव्हां मात्र मला कळव. मी पाहीन."