एका रात्रीपुरती चरबी

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर लागला की सुपरमार्केटात कुत्र्यामांजरांच्या खाण्याशेजारी प्लास्टिकच्या बादल्या येऊन बसतात. आत मुठीत मावतील असे फिकट तपकिरी, मेणचट गोळे असतात. त्यांना तिथे ‘फॅट बॉल’ म्हणतात. गुरांची चरबी, गव्हाचा भरडा, सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाण्याचं कूट असा त्यातला ऐवज. आपल्याकडे थंडीत डिंकाचे लाडू वळतात तसे हे चरबीचे लाडू, फक्त खाणारी अंगणातली पाखरं. तारेच्या उभ्या पिंजऱ्यात चारपाच लाडू एकावर एक ठेवायचे आणि पिंजरा फांदीला टांगायचा.

हा नाद छोटा नाही. देशातल्या जवळपास निम्म्या घरांत पाखरांना काही ना काही खायला घालतात. ‘ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी’ म्हणजे बीटीओच्या संशोधकांनी २०१९ साली हिशेब मांडला, तेव्हा या खाण्यावरचा खर्च वर्षाला २० ते ३० कोटी पौंडांच्या घरात निघाला. तेवढ्यात सुमारे १९ कोटी ६० लाख पक्षी पोसले जातील, असाही त्यांचा अंदाज होता.

धान्य सोडून चरबीच का, हे समजायला ब्लू टिट पाहावा. आपल्या रामगंगेच्या कुळातला हा निळ्या टोपीचा, पिवळ्या पोटाचा पक्षी. वजन जेमतेम ११ ग्रॅम. डिसेंबरात लंडनला दिवस आठ तासांचा आणि रात्र सोळा तासांची. बाहेर दहिवर गोठतंय आणि एवढ्याशा देहाला आपली ऊब ४० अंशांच्या आसपास राखायची आहे. अशा एका रात्रीत तो आपल्या वजनाचा दहावा हिस्सासुद्धा गमावू शकतो. सकाळी उठून ती तूट भरायची, पुढच्या रात्रीची बेगमी करायची, आणि हाताशी फक्त आठ तास, तेही किडे सालीखाली दडून बसलेले असताना. एक ग्रॅम पिठूळ खाण्यातून ४ किलोकॅलरी मिळतात, चरबीतून ९. लाडवावर उलटा लटकून भराभर चोच मारणारा ब्लू टिट हेच गणित सोडवत असतो.

मग त्याने दोनचार दिवसांची चरबी एकदमच अंगावर का चढवू नये? कारण लठ्ठ पक्षी ससाण्याच्या तावडीत लवकर सापडतो. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात ग्रेट टिट पक्ष्यांची वर्षानुवर्षं वजनं घेतली जातात. कीटकनाशकांमुळे तिथले स्पॅरोहॉक, म्हणजे आपल्या शिक्र्याचे भाऊबंद, नाहीसे झाले होते. तेव्हा हे पक्षी हिवाळ्यात जास्त जाड राहत. स्पॅरोहॉक परतले आणि ग्रेट टिटची वजनं पुन्हा उतरली. हे संशोधन १९९५ सालचं. थोडक्यात, चिमुकल्या पाखराला रोजच्यारोज लागेल तेवढंच कमवावं लागतं, आणि एखादा दिवस बर्फात वाया गेला की पंचाईत होते.

चरबीत बिया मिसळून पाखरांना घालण्याची पद्धतशीर सुरुवात जर्मनीत झाली. थुरिंगियातल्या झेबाखच्या गढीत राहणाऱ्या हान्स फॉन बेर्लेप्श या सरदाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्षिरक्षणाचं जवळजवळ शास्त्रच उभं केलं. त्याची गाजलेली युक्ती म्हणजे ‘खाण्याचं झाड’. गुरांची किंवा मेंढ्यांची चरबी वितळवायची, तीत पावाचा चुरा, भांगेच्या बिया, खसखस, ओट, सुकी फळं घालायची, आणि ते उकळतं मिश्रण सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांवर ओतायचं. थंडीत ते फांद्यांवरच गोठतं. आजचा लाडू त्याच झाडाचा सुटसुटीत वंशज.

टिट पक्ष्यांना मात्र चरबीची ओळख कुणी करून द्यायची गरज नव्हती. १९२१ मध्ये साउदॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंग गावात दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणं पाखरं फोडतात अशी नोंद झाली. पुढच्या पंचवीसेक वर्षांत ही विद्या देशभर पसरली. १९४९ साली जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड यांनी तिच्यावर लेख लिहिला, आणि प्राण्यांमध्ये एकाचं पाहून दुसरा कसा शिकतो याच्या चर्चेत तो अजून निघतो. पाखरांना दूध नकोच होतं, त्यांना बाटलीच्या तोंडाशी जमलेली साय हवी होती. पुढे साय न धरणारं दूध आलं, दारात बाटल्या येणं कमी झालं आणि ही चोरी संपली.

घरी लाडू करायचा तर ‘सूएट’ लागतं, म्हणजे गायबैलांच्या किंवा मेंढ्यांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक, पांढरी, ठिसूळ चरबी. इंग्रज घरात ही वस्तू अनोळखी नाही. ख्रिसमस पुडिंग तिच्यावाचून होत नाही. खाटकाकडे मिळते, किसून डब्यात भरलेलीही मिळते. मंद आचेवर वितळवायची. एक भाग चरबी, दोन भाग कोरडा माल. ओट, बिया, बिनखारे दाणे, किसलेलं चीज, जे असेल ते. धूर येऊ द्यायचा नाही, आणि खिडकी उघडी ठेवायची, कारण तो वास पडद्यांना दोन दिवस सोडत नाही. दह्याच्या रिकाम्या डबीला बुडाशी भोक पाडून दोरी ओवायची, मिश्रण ओतायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. घट्ट झालं की डबी कापून काढायची. नारळाची अर्धी करवंटीही चालते. ती उलटी टांगली की टिट आत लटकून खातात आणि जाडजूड कबुतरं हात चोळत बसतात.

तिथल्या मराठी घरांत इथेच घोडं अडतं. गोमांसाच्या दुकानात पाऊल न टाकणारे पुष्कळजण आहेत. त्यांच्यासाठी पामतेलापासून केलेलं वनस्पतिजन्य सूएट दुकानात मिळतं. पाखरांना ते चालतं. मुद्दा चरबी कुणाची यापेक्षा ती घट्ट राहते की नाही हा आहे. मऊ मार्गारीन म्हणूनच वर्ज्य. ते पिसांना माखतं, आणि माखलेलं पीस पाणीही अडवत नाही, ऊबही धरत नाही. ख्रिसमसच्या टर्कीखाली ट्रेमध्ये साचलेलं तूप ‘वाया कशाला घालवा’ म्हणून बाहेर ठेवणारे दरवर्षी निघतात. त्यात मांसाचा रस असतो, मीठ असतं, जंतू वाढतात, आणि ते नीट गोठतही नाही. लाडू प्लास्टिकच्या जाळीत विकत आणला असेल तर जाळी आधी कापून टाकावी. तिच्यात पाखरांचे पाय अडकतात.

इथवर सगळं गोड. पण एवढं अन्न देशभर टांगलं की त्याचे परिणाम अंगणाच्या कुंपणाशी थांबत नाहीत. १९७० च्या दशकात फीडरवरच्या, म्हणजे अशा टांगलेल्या-मांडलेल्या खाण्यावरच्या, पाखरांत निम्मी फक्त दोन जातींची असायची, चिमण्या आणि स्टार्लिंग. आता तेवढ्याच हिश्शात तिपटीहून जास्त जाती दिसतात. गोल्डफिंच १९७२ मध्ये ८ टक्के बागांत यायचा, २०१२ मध्ये ८७ टक्के. त्याला सूर्यफुलाचा गर आवडतो आणि ‘नायजर’ही आवडतो. हा नायजर म्हणजे आपले चटणीचे कारळे. भारतातून बाहेर जाणाऱ्या कारळ्याचा मोठा वाटा पाखरांच्या पोटात जातो.

ब्लॅककॅपची गोष्ट त्याहून नवलाची. मध्य युरोपातले हे पक्षी हिवाळ्यात स्पेनकडे जायचे. त्यातले काही आता ब्रिटनकडे वळतात. ही दिशा पिलांत जन्मतःच उतरते, हे पेटर बेर्टहोल्ड यांनी १९९२ मध्ये प्रयोगाने दाखवलं. आणि बीटीओच्या २०१५ च्या अभ्यासात दिसलं की चरबी आणि सूर्यफुलाचा गर जिथे भरवशाने मिळतो तिथे हे पाहुणे टिकून राहतात.

लाडूवाल्यांनी नीट वाचावा असा अभ्यास मात्र कॉर्नवॉलमधला आहे. तीन हिवाळे तिथल्या काही जंगलांत ब्लू टिटना चरबी घातली, काही ठिकाणी चरबीत ई जीवनसत्त्व मिसळून, आणि काही जंगलं तशीच ठेवली. विणीच्या आधी खाणं बंद केलं. २०१३ मध्ये निकाल आला: चरबी खाल्लेल्यांची पिलं वजनाला हलकी, आकाराने लहान, आणि जगली कमी. एक स्पष्टीकरण असं, की एरवी हिवाळ्यात गेली असती अशी अशक्त पाखरं तगली आणि घरटं करायला पुढे आली. नुसत्या चरबीचा आहार निकस, हे दुसरं. माझ्या मते यावरून कडाक्याच्या थंडीतलं खाणं थांबवण्याची गरज नाही, पण ‘जितकं जास्त तितकं पुण्य’ हा हिशेब चुकतो. विकणाऱ्यांना अर्थातच वर्षभर विकायचं असतं.

आणि गर्दी म्हटली की रोगराई आली. २००५ पासून ट्रायकोमोनोसिस या घशाच्या रोगाने ग्रीनफिंचची दैना उडवली. थुंकीने, ओकून टाकलेल्या दाण्यातून तो पसरतो. २०२१ मध्ये हा एकेकाळचा सर्रास दिसणारा पक्षी ब्रिटनमधल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. पक्षिसंरक्षणातली तिथली सर्वांत मोठी संस्था आरएसपीबी हिने २०२५ च्या सुरुवातीला सपाट फीडरची विक्रीच थांबवली, कारण सपाट फळीवर उष्टं साचतं. आठवड्याला फीडर घासणं, त्याची जागा बदलणं, एका दिवसात संपेल तेवढंच घालणं ही कामं कंटाळवाणी आहेत. ती होत नसतील तर लाडू टांगूच नयेत.

तिकडून येताना कुणी हौसेने अशी बादली आणली तर ती आपल्या गॅलरीत लटकवू नका. सूएट ४५-५० अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं, आणि चंद्रपूर-नागपूरचा मे महिना त्या आकड्यापर्यंत सहज जातो. आपल्या पाखरांची रात्रही सोळा तासांची नाही. उन्हाळ्यात त्यांना उथळ भांड्यात पाणी ठेवलं तर ती येतात, आणि ते भांडंही रोज घासावं लागतं.