मेनफ्रेमवर आधी परवानगी, मग ओळख

घरच्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला की तो लगेच दिसू लागतो. आयबीएमच्या मेनफ्रेमवरील लिनक्सला हा उतावळेपणा चालत नाही. आयबीएमने डिसेंबर १९९९ मध्ये लिनक्स मेनफ्रेमवर आणले, तेव्हा तेथे एकाच यंत्रात अनेक कार्यप्रणाली शेजारी-शेजारी नांदत होत्या. एकच डिस्क दोघा-तिघांच्या आवाक्यात असू शकते. नव्या प्रणालीने शेजाऱ्याची डिस्क आपली समजून फॉरमॅट केली, तर त्याची सारी माहिती गेली! म्हणून उपकरण दिसले तरी ते सहसा बंदच राहते. त्याच्या नावाच्या नोंदीत कोणीतरी १ लिहिले, की मगच ड्रायव्हर त्याचा ताबा घेतो.

टर्मिनलची गंमत वेगळी. १९७१ मध्ये आलेले ३२७० टर्मिनल दाबलेली प्रत्येक कळ संगणकाला कळवत नाही. मजकूर पडद्यावरच साठतो आणि ‘एंटर’ दाबल्यावर एकदम जातो. लिनक्सवरचे अनेक प्रोग्राम मात्र एकेका कळीची वाट पाहतात. शिवाय अक्षरांचे सांकेतिक क्रमांकही जुळत नाहीत: इंग्रजी मोठा ‘ए’ लिनक्सच्या आस्की पद्धतीत ६५, तर मेनफ्रेमच्या एबसिडिकमध्ये १९३. हा दुभाषेपणा ड्रायव्हरलाच करावा लागतो.

हजारो उपकरणे तपासण्यात वेळ जाऊ नये म्हणून कर्नेलला ‘सगळ्यांकडे दुर्लक्ष कर’ असेही सांगता येते. तेव्हा कन्सोलला अपवाद करण्यासाठी वेगळा शब्द आहे. तो जाणकार आधी टाइप करतात.